एक ते चार बंद

नोटिशीला उत्तर द्यायची मुदत बुधवारी संपत होती आणि रविवारी औटींचा हुरडा होता. नोटीस आली म्हणून हुरडा पुढे ढकलावा, असं कुणाच्या मनातही आलं नाही. ज्वारी कुणासाठी थांबत नाही. चार दिवस उशीर झाला की दाणा टणक होतो, मग ती घरी नेऊन दळायची. शिवाय औटींचा कुठलाही मोठा निर्णय आजवर घरात बसून झालेला नव्हता. सहादेव आण्णांना औषधांचं शिकायला पुण्याला पाठवायचं, हे त्यांच्या वडलांनी, सूर्यभानबाबांनी, याच रानात ठरवलं होतं आणि त्यापायी रानाचा खालचा तुकडा विकूनही टाकला होता. उरलेल्या तुकड्यात आता आगटी पेटली होती, आणि त्या शिक्षणातून उभं राहिलेलं मेडिकल राहतं का जातं, ते ठरायचं होतं.

नोटिशीची हकिगत गावाला तोंडपाठ होती. दोघातिघांनी तर आपण तिथं हजर होतो असं सांगायला सुरुवातही केली होती. खरं झालं ते असं. दुकानाचा परवाना आण्णांच्या नावावर, भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेटही आण्णांचंच. नियम असा, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या देखत द्यायचं आणि बिलावर त्यानं सही करायची. आण्णांनी नियमाशी आपल्यापुरता समझोता केला होता. दर सोमवारी पूजा झाली की ते दुकानात येत, कोरं बिलबुक पुढ्यात ओढत आणि शंभरच्या शंभर पानांवर एका बैठकीत सह्या करून टाकत. मग आठवडाभर थोरला मुलगा हनुमंत औषधं देई. हनुमंत बारावी सायन्सला दोनदा गचकलेला. आण्णा सकाळी तासभर येत, पेपर वाचत, घरी जात आणि जेवून गाढ झोपत. यात काही लबाडी आहे हे औटींपैकी कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांच्या मते ही शिस्त होती.

औषध निरीक्षक बाई दुपारी अडीचला आल्या. हनुमंतानं ठोकून दिलं, आण्णा आत्ताच चहाला गेलेत. बाई म्हणाल्या, येऊ द्या, बसते. बसल्या बसल्या त्यांनी बिलबुक चाळलं. मागची साठ पानं कोरी होती आणि साठांवरही सही होती. आण्णा सव्वाचारला उगवले, डोळे चोळत.

"या बिलांवर औषधाचं नाव नाही, पेशंटचं नाव नाही. सही मात्र आहे. कशी?" बाईंनी विचारलं.

"मी रोजच असतो ना."

"आज दुपारी कुठे होतात?"

"घरी. झोपलो होतो."

एवढं एक खरं बोलल्याबद्दल घरानं त्यांना अजून माफ केलं नव्हतं.

"मी म्हनते, पारनेरला गेल्तो म्हनायला काय झालं हुतं?" गोजरबाई आत्यानं आगटीपाशी बसल्या बसल्या पुन्हा तोच विषय काढला. ती आण्णांची धाकटी बहीण. श्रीरामपूरला दिलेली, पण माहेरचा कारभार तिनं कधी सोडला नव्हता. पहाटेची एसटी धरून आली होती ती काही नुसती हुरडा खायला नाही. "जाऊ द्या. मी सोय करूनच आलीय. आमच्या गल्लीत एक पोरगा हाय, फार्मशी झालेला. सर्टिफिकेट भाड्यानं देतो. भिंतीला लावायचं, बास. त्यो काय हितं येनार न्हाई, कुनाला तरास न्हाई."

"आत्या, बाहेरचं कशाला? घरातच आहे की," धाकटा राम म्हणाला.

सगळ्यांच्या माना धनश्रीकडे वळल्या. ती रामची बायको. बी.फार्म झालेली, सुप्याच्या एमआयडीसीत औषधाच्या कंपनीत गोळ्यांची तपासणी करायची. सकाळी सातला कंपनीची बस, संध्याकाळी सातला परत. ती गरम कणीस तळहातावर चोळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"परवान्यावर धनश्रीचं नाव लावू," राम सांगत राहिला. "ती जाते तशी सुप्याला जाईल, दुकान चालतं तसं चालेल. पगारही राहिला, परवानाही राहिला."

"व्हय की," हनुमंत म्हणाला. "आन सह्यांचं काय, रविवारी ती घरीच आसती."

"आहो, त्याच सह्यांपायी तर नोटीस आली ना!" हे हनुमंताची बायको ज्ञानेश्वरी बोलली, आणि बोलून झाल्यावर आपणच दचकली. सासऱ्यांसमोर इतकं सडेतोड ती एरवी बोलत नसे.

धनश्रीनं हातातले दाणे आण्णांच्या ताटलीत ओतले. "मी सुप्यात आणि माझं नाव दुकानात, असं नाही करता येत. सापडलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल. मग नोकरी गेली, दुकान गेलं आणि माझं शिक्षणही गेलं. मी सर्टिफिकेट देणार नाही."

"देनार न्हाई? घरच्या दुकानाला?" आत्याचा हात चटणीच्या वाटीवरच थांबला. "राम, ऐकतोयस का?"

राम ऐकत होता. बायकोचं बरोबर आहे हे त्याला कळत होतं आणि आत्यासमोर ते म्हणवत नव्हतं, म्हणून त्यानं आगटीत आणखी दोन गोवऱ्या सारल्या. धूर झाला. त्या धुराचं निमित्त करून धनश्री उठली आणि बांधावरच्या बोरीखाली जाऊन उभी राहिली.

तिला राग आला होता, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटत होतं. लग्न होऊन सात वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात ती दुकान बघायला गेली होती, तेव्हा आण्णांनी तिला काचेची कपाटं दाखवली होती, पारनेरच्या डॉक्टरांची अक्षरं वाचायला दिली होती. ते अक्षर खुद्द डॉक्टरांना लागत नसे, आण्णांना लागे. तिलाही चारातली तीन औषधं लागली होती आणि आण्णा खूश झाले होते. तिला वाटलं होतं, आता म्हणतील, ये उद्यापासून. कुणी म्हटलं नाही. सुनेनं गल्ल्यावर उभं राहायचं म्हणजे लोक काय म्हणतील, असा तो काळ, म्हणजे अगदी परवापरवाचा.

मागून ज्ञानेश्वरी आली, पदरात बोरं वेचल्याचं सोंग करत.

"चिडलीस?"

"ताई, सगळ्यांना माझा कागद पाहिजे. मी नको. कागद मागितला, मला कुणी मागितलंच नाही."

ज्ञानेश्वरी म्हणाली, "एक सांगू? ह्यांनी अठरा वर्षांत घरी बसून दुपारचं ऊन ऊन जेवन केलं न्हाई. शटर अर्धं वर, त्याच्या आत डबा. दोन घास खाल्ले की कुनीतरी वाकून हाक मारतं. आन औटींच्या दुकानातनं कुनी माघारी जात न्हाई म्हनून आन्ना मिरवत्यात. मिरवत्यात ते, उठतो कोन?"

"तुम्ही बोलला का कधी?"

"आज बोलले ना. बघ कसं तोंड झालं सगळ्यांचं."

दोघी हसल्या. तेवढ्यात बांधावरून काठी टेकत भिमाजीतात्या येताना दिसले.

भिमाजीतात्या म्हणजे आण्णांचे लहानपणापासूनचे सोबती. "शटर बंद दिसलं, म्हनलं आज हुरडा आसंल," ते आगटीपाशी टेकत म्हणाले. "हनमंता, शुगरच्या गोळ्या सरत आल्या रं बाबा."

यात नवल काहीच नव्हतं. हुरड्याच्या दिवशी दुकान रानात येई, हनुमंताच्या मोटारसायकलच्या डिकीतून. नेहमीची गिऱ्हाइकं, नेहमीची औषधं. कुणाला काय लागतं हे त्याला पाठ होतं. तो सवयीनं उठला, डिकी उघडली आणि त्यानं हिरवं पाकीट बाहेर काढलं. आणि तिथंच उभा राहिला.

हनुमंताला औषधांची नावं धड वाचता येत नव्हती असं नाही, पण धंदा तो रंगावर शिकला होता. हिरवं शुगरचं, निळं बीपीचं, केशरी पित्ताचं. अठरा वर्षं रंगांनी त्याला दगा दिला नाही. मग गेल्या श्रावणात एका कंपनीनं पाकीट बदललं. त्या दिवसापासून हिरवं पाकीट तो दोनदोनदा उलटून बघे. सहा महिने त्यानं त्याचं कारण कुणाला सांगितलं नव्हतं. आज बायको सगळ्यांसमोर बोलली, धाकटी भावजय सगळ्यांसमोर नाही म्हणाली, आणि आपण मात्र डिकीत हात घालून उभे, याची त्याला एकदम लाज वाटली.

तो परत आला तो रिकाम्या हातानं.

"तात्या, श्रावनात तुमी कांदा लावताना वाफ्यात पडला हुता."

"सोमवारचा उपास हुता. उपासानं चक्कर आली. तूच म्हनलास."

"उपासानं न्हाई. माज्यानं. एक एमजीची गोळी द्यायची, मी दोनची दिली. दोन्हीचं पाकीट हिरवं. नीट बघितलं न्हाई. तुमी पडल्याव मला कळलं, मी पळत आलो, पाकीट बदलून नेलं आन उपासावर ढकललं."

"आरं ए, चारचौघांत हे कशाला काढतो!" आत्या म्हणाली.

"आत्या, गप ऱ्हा जरा," हनुमंत म्हणाला. आत्याला गप राहा म्हणणारा माणूस त्या घरात याआधी झाला नव्हता.

आण्णांनी ताटली खाली ठेवली. "बिल केलं हुतंस?"

"केलं हुतं."

"सही?"

"तुमची. शंभरातली एक."

भिमाजीतात्या आपल्याच गुडघ्याकडे बघत बसले; त्या दिवशी वाफ्यात पडले तेव्हा सोलवटलेला तो गुडघा होता. मग त्यांनी विचारलं, अगदी साध्या आवाजात, "सहादू, तू दुकानात आसतास तं तुझ्या ध्यानात आलं आसतं का रं?"

आण्णांना खोटं फार वेळ रेटता येत नव्हतं, हे तर सगळ्या गावाला माहीत झालं होतं. "आलं आसतं," ते म्हणाले.

"मंग दुपारचं झोपू नको."

"आता माझं झोपायचंच वय हाय, भिमा."

हे म्हणताना आण्णांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. त्यांना हनुमंताचा राग येत नव्हता. त्या पोराला आपण तिथं उभं केलं, आपली सही त्याच्या हातात दिली आणि घरी येऊन पाय पसरले. औटींच्या दारातून कुणी माघारी जात नाही म्हणून ते चाळीस वर्षं छाती काढून फिरले, आणि त्या दारातून भिमा काय घेऊन गेला होता? सूर्यभानबाबांनी रान विकलं ते मुलानं औषध ओळखावं म्हणून, मुलानं सह्या कराव्यात म्हणून नव्हे.

ते काठीला धरून उठले. राम आधार द्यायला धावला, त्याला त्यांनी हातानंच मागं सारलं. बोरीपर्यंतची वीस पावलं ते एकटे चालले. धनश्री आणि ज्ञानेश्वरी तिथंच उभ्या होत्या; त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"पोरी, सर्टिफिकेटचं ऱ्हाऊ दे," आण्णा म्हणाले. "तू दुकान चालवशील का?"

"मला विचारताय?" धनश्री म्हणाली.

"तुलाच विचारतोय. सात वर्सांमागं इचारायला पायजे हुतं. चुकलं माझं."

"चालवीन," ती म्हणाली. "पण नीट ऐका, आण्णा, मग नंतर रुसवे नकोत. सकाळी नऊ ते एक आणि दुपारी चार ते आठ. तेवढा वेळ मी दुकानात. एक ते चार शटर पूर्ण खाली. अर्धं नाही, पूर्ण. आणि डिकीतलं मेडिकल आजपासून बंद."

"एक वाजता शटर?" आत्या तिथंवर येऊन पोहोचलीच होती. "आन कुनी चार कोसावरनं आलं मंजे? रातचं कुनाला लागलं मंजे?"

"मला उठवा. दुकानापासून घर काही लांब नाही. माझा नंबर पाटीवर लिहीन. पण येणार मी, चिठ्ठी वाचणार मी आणि सही गोळी दिल्यावर."

"आन सुप्याची नोकरी?" रामनं विचारलं. त्याच्या आवाजात विरोधापेक्षा काळजी होती.

"सोडते. महिनाभर आधी सांगावं लागतं. अहो, तिथं मी ज्यांना कधी बघणार नाही अशा माणसांच्या गोळ्या तपासते. इथं तात्यांच्या तपासीन. मला हेच करायचं होतं. तुम्हालाही कधी बोलले नाही, ते माझं चुकलं."

राम आत्याकडे वळून म्हणाला, "आत्या, त्या श्रीरामपूरच्या पोराला सांग, नको म्हणून."

आत्या अशी सहज हरणारी नव्हती. तिनं शेवटचा बाण काढला. "आन हनमंता? थोरला दीर धाकट्या भावजयीच्या हाताखाली?"

"आत्या, आजवर मी पाकिटाच्या रंगाच्या हाताखाली हुतो," हनुमंत म्हणाला. "त्यापरीस हे बरं. माल मी आनीन, कपाटं मी लावीन. पन धनश्रीनं बघितल्याबिगर एक गोळी माज्या हातातनं जानार न्हाई." आणि तो हसला. आज सकाळपासून तो पहिल्यांदाच हसला होता.

धनश्रीनं भिमाजीतात्यांची चिठ्ठी मागून घेतली. तात्यांनी बंडीच्या खिशातून घड्या घालून घालून मऊ झालेला कागद काढला. तिनं तो उन्हात धरून वाचला, तारीख बघितली आणि म्हणाली, "तात्या, ही चिठ्ठी दोन वर्षांची आहे. आज रात्रीपुरतं औषध आहे ना घरात? मग उद्या आधी पारनेरला डॉक्टरांना दाखवून या. राम नेतील."

"मंजे आज मी माघारी जायचं?" तात्यांनी आण्णांकडे बघितलं.

"जायचं," आण्णा म्हणाले. "पन हुरडा खाऊन."

उत्तर तिथंच लिहिलं. रामच्या मोबाईलवर, आगटीच्या उबेला बसून. आण्णा सांगत होते आणि आत्या प्रत्येक वाक्याला हरकत घेत होती. मी दुपारी दुकानात नसे. सह्या आगाऊ करत असे. त्यामुळे एका माणसाला चुकीची गोळी गेली, नशिबानं तो वाचला.

"हे कशाला? हे तर त्यांना ठाऊकबी न्हाई!" आत्या कळवळली.

"मला ठाऊक हाय," आण्णा म्हणाले. "लिही राम. सून धनश्री राम औटी या पात्र फार्मासिस्ट असून पूर्ण वेळ बसायला तयार आहेत. त्यांचं नाव लागेपर्यंत मी स्वतः नऊ ते एक आणि चार ते आठ हजर राहीन, जागा."

"'जागा' लिहू?"

"लिही. त्यांना तीच शंका हाय."

परवाना दहा दिवस निलंबित झाला. आत्याच्या भाकितापेक्षा हे बरंच कमी होतं. तिनं दुकान मोडून पत्रे विकायची तयारी सांगून ठेवली होती. नंतरचा महिना आण्णा खरोखर खुर्चीत बसले. पहिले चार दिवस पेंगले, पाचव्या दिवसापासून चिठ्ठ्या वाचण्यात रमले. संध्याकाळी धनश्री बसमधून उतरली की तशीच दुकानात जाई आणि अवघड अक्षरं दोघं मिळून लावत. भिमाजीतात्यांची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली होती. तिचं पाकीट पांढरं होतं. हनुमंतानं ते तीनदा वाचून घेतलं आणि मग धनश्रीपुढे धरलं.

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी धनश्रीचं नाव लागलेला परवाना भिंतीवर चढला. तिनं पांढरा कोट घातला आणि नऊला दुकान उघडलं. गर्दी होती. निम्मे औषधाला आलेले आणि निम्मे औटींची सून बघायला. एक वाजता तिनं शेवटचं बिल फाडून दिलं, आणि हनुमंतानं दोन्ही हातांनी शटर ओढलं ते थेट जमिनीला टेकेपर्यंत. त्या शटरचा वरचा अर्धा भाग इतकी वर्षं दुपारी बहुधा गुंडाळलेलाच असायचा. तो अगदी कोरा, नव्या रंगाचा निघाला.

घरात ज्ञानेश्वरीनं तव्यावरची भाकरी सरळ हनुमंताच्या ताटात टाकली. शेजारी धनश्री बसली, तिच्या शेजारी राम. आण्णांचं जेवण झालं होतं. ते ओसरीवर कलंडायच्या बेतात होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. वरच्या वस्तीवरचं कुणीतरी होतं, खोकल्याचं औषध हवं होतं आणि शटर बंद का, म्हणून विचारत होतं. हनुमंतानं घास हातातच धरला आणि सवयीनं अर्धवट उठला.

"बस खाली," आण्णा त्याला म्हणाले. मग फोनमध्ये, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात: "लई आडलंय का? न्हाई ना? मंग चार वाजता ये. आमची फार्मासिस्ट जेवाया बसलीय. आन माझा पोरगाबी."